आजींचे कान आणि खोलीच्या भिंती

गेल्या हिवाळ्यांत भंडारा जिल्ह्यांतील आंबागडास आम्ही सहकुटुंब गेलों होतों. सन १७०० च्या सुमारास, देवगडच्या बख्तबुलंदाच्या अमदानींत बांधलेला आणि पुढें भोसल्यांनीं कैदखाना म्हणून वापरलेला हा किल्ला मुलांनीं हौसेनें पाहिला. आजी मात्र पायथ्याशींच झाडाखालीं बसल्या. मुलें खालीं येऊन त्यांना सर्व हकीकत सांगूं लागलीं, तेव्हां आजींनीं एकही शब्द पुन्हां विचारला नाहीं. त्याच आजी घरच्या नव्या सिमेंटच्या खोलींत मात्र प्रत्येक वाक्याला 'काय म्हणालास?' असें विचारतात! कान तेच, बोलणारे तेच. बदलली ती केवळ जागा.

उघड्यावर शब्द एकदांच कानीं पडतो व पुढें निघून जातो. खोलींत तो भिंती, छत व फरशी यांवर आपटून पुन्हां पुन्हां परत येतो, आणि मागल्या शब्दाचें शेपूट पुढल्या शब्दावर पडतें. विजापूरच्या गोल घुमटांत सज्जाच्या एका बाजूची कुजबूज समोरच्या बाजूस ऐकूं येते, याचें आपण कौतुक करतों. पण तेथें कोणी कीर्तन करूं म्हणेल तर श्रोत्यांच्या पदरीं गोंगाटच पडेल. आपल्या कोऱ्या खोल्या म्हणजे त्या घुमटाचींच लहान भावंडें होत.

ह्या घुमण्याचें गणित प्रथम बसविलें तें अमेरिकेंतील वॉलेस सॅबाइन यांनीं. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. १८९५ सालीं तें काम त्यांच्याकडे आलें. रात्रीच्या शांततेंत एकेक गादी आणून ठेवीत त्यांनीं आवाज विरण्याचा वेळ मोजला. त्यांचा नियम सोपा आहे. खोलीचें घनफळ घनमीटरांत घेऊन ०.१६ नें गुणावें व आवाज शोषणाऱ्या क्षेत्रफळानें भागावें. उत्तर येईल तितक्या सेकंदांत आवाज ६० डेसिबलनें उतरतो. उघडी खिडकी पूर्ण शोषक धरतात, कारण तींतून गेलेला आवाज परत येत नाहीं.

आमची खोली ५ मीटर लांब, ४ रुंद व ३ उंच. म्हणजे घनफळ ६०. गिलावा व फरशी मिळून ९४ चौरस मीटर. पण त्यांचें शोषण शेंकडा तीनच धरलें, तर तें २.८ भरतें. उत्तर आलें ३.४ सेकंद! गाद्या, जाड चुणीदार पडदे, बसलेलीं माणसें व उघडी खिडकी मिळून शोषण १२ झालें, कीं हाच काळ ०.८ सेकंदावर येतो.

आतां मापनाविषयीं. डेसिबल हें माप साध्या बेरजेचें नव्हे. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ति दहापट होते; कानास मात्र तो साधारण दुप्पट भासतो. मोबाइलवरील मापक अगदीं बिनचूक नसतो, परंतु तुलनेस पुरतो. आजींच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून दूर तो धरावा. आधीं कोणी बोलत नसतांना आंकडा पाहावा, मग बोलतांना. दोहोंत १५ डेसिबलांचें अंतर असावें. आमच्याकडे तें जेमतेम आठ भरलें. पंखा मंद करून दूरचित्रवाणी बंद केल्यावर पुरेसें झालें.

एवढें करूनही ऐकूं येत नसेल, तर कानाच्या वैद्यांकडे अवश्य जावें. परंतु कित्येक घरांत होतें काय, कीं आपण आवाज चढवितों, भिंती तो दुप्पट घोळवितात, आणि वडील माणूस 'मला आतां कांहीं कळत नाहीं' असें म्हणून गप्प बसूं लागतें. आमच्या खोलींत जाड पडदे लागले त्या सायंकाळीं आजींनीं आपण होऊन मुलांस गोष्ट सांगावयास घेतली. एवढ्यासाठीं दोन पडदे व एक सतरंजी हा खर्च आम्हांस मुळींच जड वाटला नाहीं.