माडावरील चक्राकार पांढरी माशी

माडाचे जुने शत्रू दोन : गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा. कोकणातील बागायतदार त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. गेल्या दशकात त्यांच्या जोडीला एक परकी कीड आली आहे. कीड दिसताच औषध फवारावे हा नेहमीचा रिवाज तिच्या बाबतीत मात्र उलटा परिणाम घडवितो. म्हणून तिची माहिती बागायतदारांइतकीच ग्रामपंचायतींनाही असणे अगत्याचे आहे.

‘रुगोज’ चक्राकार पांढरी माशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या किडीचे मूळ स्थान मध्य अमेरिका होय. बेलीझ देशातील नमुन्यांवरून २००४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. २००९ मध्ये ती फ्लोरिडात आढळली, आणि २०१६ मध्ये भारतात तमिळनाडूतील पोल्लाची व केरळमधील पालक्काड परिसरात तिचा प्रादुर्भाव नोंदला गेला. पुढे ती कर्नाटक, आंध्र प्रदेश, गोवा आणि महाराष्ट्राच्या किनारपट्टीपर्यंत पोचली. माशी स्वतः मंद आहे. लांबचा प्रवास ती बहुधा रोपे व झावळ्या यांच्या वाहतुकीबरोबर, म्हणजे माणसाच्याच हातून करते.

ही माशी सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची असते. मादी पातीच्या खालच्या अंगाला चक्राकार ओळींत अंडी घालते व त्यांवर पांढरे मेणचट आवरण पसरते. पिले आणि माश्या रस शोषतात. त्यांच्या शरीरातून पाझरणारा मधासारखा चिकट स्राव खालच्या झावळ्यांवर व माडाखालील केळीसारख्या आंतरपिकांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. चुलीवरच्या भांड्याला धरते तशी काजळी पानभर पसरते व पानांची अन्न तयार करण्याची क्रिया मंदावते. हे दृश्य पाहून बागायतदार धास्तावतो, हे स्वाभाविक आहे. परंतु एवढ्याने माड सहसा मरत नाही. खरे नुकसान पुष्कळदा या धास्तीतून होणाऱ्या फवारणीने होते.

याचे कारण असे. या किडीवर एन्कार्सिया ग्वाडेलूपी नावाचा, एक मिलिमीटरहूनही लहान असा परोपजीवी कीटक आपल्याकडे आढळतो; त्याला कोणी मुद्दाम आणले नव्हते. त्याची मादी पांढऱ्या माशीच्या पिलाच्या शरीरात अंडे घालते. आतील अळी त्या पिलावर पोसते व कवचाला वाटोळे छिद्र पाडून कीटक बाहेर पडतो. कासरगोड येथील केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना फवारणी न केलेल्या बागांत या कीटकाने निम्म्याहून अधिक, काही ठिकाणी तर ८० टक्क्यांच्या आसपास पिले ग्रासलेली आढळली. रासायनिक कीटकनाशकाने हा मित्रकीटक आधी मरतो. पातीखाली मेणाच्या आड असलेली कीड मात्र बरीचशी वाचते आणि पहिल्यापेक्षा जोमाने वाढते. शिवाय उंच माडावर फवारलेले विष खालच्या विहिरीत, गोठ्यात व शहाळ्यांवर उतरते, ही बाब वेगळीच.

मग करावे काय? प्रथम झावळीची पाती उलटून भिंगाखाली पाहावी. वाटोळी छिद्रे असलेली कवचे दिसल्यास मित्रकीटक कामाला लागला आहे असे समजून थांबावे. लहान माडांवर पातीच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास पुष्कळ कीड धुऊन जाते. माश्या फार झाल्यास पिवळे चिकट सापळे लावावेत. प्रादुर्भाव तीव्र असेल तरच अर्धा टक्का कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी. काजळीसाठी एक टक्का पिठाच्या खळीची शिफारस आहे. खळ वाळली की पापुद्र्यासह काजळी गळून पडते.

मित्रकीटक नसलेल्या बागेत तो सोडण्यासाठी जुन्या बागेतील ग्रासलेल्या पात्या नेऊन बांधण्याची पद्धतही आहे. मात्र त्या पात्यांबरोबर जिवंत कीड जाऊ शकते. म्हणून हे काम कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावे. प्रादुर्भाव असलेल्या गावातून नारळाची वा शोभेच्या ताडवर्गीय झाडांची रोपे बाहेर जात असतील, तर ती तपासूनच सोडली जातील अशी व्यवस्था ग्रामपंचायतींनी रोपवाटिकाचालकांशी बोलून करावी. कोरड्या, उष्ण दिवसांत कीड वाढते व मुसळधार पावसात घटते. त्यामुळे ही तपासणी हिवाळा सरताच सुरू करणे सोयीचे ठरते.