यंत्राचे समूहगान

शाळेची प्रार्थना चालू असताना पटांगणाबाहेरून ऐकणाऱ्यालाही क्षणात कळते की हा एका माणसाचा आवाज नाही, पुष्कळ जणांचा आहे. आवाज मोठा असतो म्हणून तसे कळते, असे कोणी म्हणेल. पण तीच प्रार्थना ध्वनिमुद्रित करून अगदी बारीक आवाजात ऐकवली, तरी ती अनेकांचीच वाटते. उलट एका मुलीला माईकवरून कितीही मोठ्याने गायला लावले, तरी ती एकटीच राहते. तेव्हा हा 'पुष्कळपणा' आवाजाच्या मोठेपणात नाही. मग तो कशात आहे? गेल्या चाळीसएक वर्षांत कृत्रिम आवाजांचे समूहगान घडवण्याची जी खटपट झाली, तिच्यातून या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले आहे.

आधी एक प्रयोग करू. तो वर्गात करता येईल. एका विद्यार्थ्याला एकाच सुरात 'आ' म्हणायला सांगून पाचसहा सेकंद मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. संगणकावर 'ऑडासिटी' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्या 'आ'च्या चाळीस प्रती एकाखाली एक मांडून एकदम वाजवा. (प्रत्येक प्रतीचा आवाज आधी पुष्कळ कमी करा, नाहीतर नुसती खरखर ऐकू येईल.) काय ऐकू येते? चाळीस विद्यार्थी नव्हे, एकच विद्यार्थी, पण मोठ्याने गाणारा. चाळीस प्रतींचे शिखर शिखरावर आणि दरी दरीवर पडते, त्यामुळे आवाजाचा आयाम चाळीसपट होतो आणि दुसरे काहीच होत नाही. आवाजाचे बटण फिरवूनही हेच झाले असते.

आता त्याच विद्यार्थ्याला तोच 'आ' आठ वेळा स्वतंत्रपणे गायला सांगा. दर वेळी आधीचा आवाज कानाला लावून त्याच्याशी सूर जुळवायचा. मग हे आठही 'आ' एकत्र वाजवा. चाळीस प्रतींनी जे जमले नाही ते आठांनी जमते. चक्क घोळका उभा राहतो. गळा तोच, खोली तीच, सूरही त्याच्या मते तोच. 'त्याच्या मते' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत.

कोणताही माणूस एकच सूर दोनदा तंतोतंत तसाच लावू शकत नाही. सूर लावला की तो धरून ठेवतानाही किंचित हलत राहतो. स्वरतंतूंचे स्नायू, श्वासाचा दाब, कानाने ऐकून केलेली दुरुस्ती, या सगळ्यांचा तो परिणाम. म्हणून दोन आवाजांची शिखरे कधी जुळतात, कधी चुकतात. असे स्वतंत्र आवाज एकत्र आले की आयाम आवाजांच्या संख्येने न वाढता तिच्या वर्गमुळाने वाढतो. चाळीस प्रतींनी आयाम ४० पट होतो, तर चाळीस माणसांनी सरासरीने फक्त सव्वासहा पट. मोठेपणाच्या दृष्टीने हा तोटाच आहे, पण समूहगानाचा रंग या तोट्यातूनच येतो.

सूर किती हलतो हे मोजायचे एकक म्हणजे 'सेंट'. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या, म्हणजे अर्ध्या स्वराच्या, अंतराचे शंभर भाग केले की एक भाग हा एक सेंट. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रशास्त्रीय विद्यापीठात योहान सुंडबर्ग आणि स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी १९८०च्या दशकात वृंदगायकांचे सूर मोजले. चांगल्या गायकांतही एकाच सुरात गाताना साधारण दहा ते पंधरा सेंटची पांगापांग (सांख्यिकीच्या भाषेत प्रमाण विचलन) सापडली. पुढे टर्नस्ट्रॉम यांनी उलट बाजूने प्रयोग केला. पाच-पाच कृत्रिम आवाजांचे गट बनवले, त्यांची पांगापांग कमीजास्त केली आणि जाणकार श्रोत्यांना विचारले, 'किती चालेल? आणि किती आवडेल?' हे काम १९९३ साली प्रसिद्ध झाले. 'चालेल'चे उत्तर साधारण १४ सेंट आले आणि 'आवडेल'चे ० किंवा ५ सेंट. श्रोत्याश्रोत्यांत फरक मात्र खूप होता.

शून्य सेंट आवडतात, तर मग प्रतींनी काय घोडे मारले आहे, असा प्रश्न इथे पडायला हवा. त्याचे उत्तर 'सरासरी' या शब्दात आहे. वरचे आकडे प्रत्येक आवाजाच्या सरासरी सुराचे आहेत. दोन गायकांची सरासरी अगदी एक असली, तरी क्षणोक्षणीचे हलणे ज्याचे त्याचे असते. प्रतींमध्ये तेही एक होऊन बसते.

याच आकड्यांवरून थोडे विषयांतर करतो. समूहगीत बसवताना एखाद्या मुलाला 'तू नुसते ओठ हलव' असे सांगण्याची पद्धत पुष्कळ शाळांत आहे. अर्धा स्वर चुकणारे मूल १०० सेंट चुकते. ते वेगळे ऐकू येणारच आणि त्याला आधी सूर ऐकायला शिकवावे लागेल. पण दहा-बारा सेंट इकडेतिकडे होणारे मूल स्टॉकहोमच्या गायकांच्या पंक्तीत बसते. सूर सेंटमध्ये दाखवणारी साधी अॅप आज मोबाइलवर मिळतात. एकदाही न मोजता मुलाला मुके करणे आम्हाला पटत नाही.

आता कानाला प्रत्यक्ष काय ऐकू येते ते पाहू. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा अगदी थोड्या चुकल्या की आवाज 'वाँव वाँव' असा लहानमोठा होतो. हे विस्पंद. २२० हर्ट्झच्या सुरात गाणाऱ्या दोघांत १४ सेंटचा फरक असेल, तर वारंवारतेत सुमारे १.८ हर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन विस्पंद. परंतु गळ्यातून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, दहापट वारंवारतेचे उपस्वरही निघतात, आणि फरकही त्याच पटीने वाढतो. दहाव्या उपस्वराशी, म्हणजे २२०० हर्ट्झच्या आसपास, सेकंदाला अठरा विस्पंद होतात. खाली संथ हेलकावे आणि वर भरभर चमचमणे, अशी ही एकत्र वीण असते. पाचसात आवाज झाले की तिच्यातला नियमितपणाही जातो, आणि मग आपल्या कानाला मोजदाद करता येत नाही. डेव्हिड ह्युरॉन यांनी १९८९ साली दाखवले की एकाच जातीचे आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी वाजवत असतील, तर तीनपर्यंत श्रोते ठीक मोजतात आणि पुढे चुका वाढतात. कृत्रिम वृंद बनवणाऱ्याच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे. खरोखर वेगळे असे आठदहा आवाज असले की काम भागते. शंभरांची गरज नाही.

संगणकाला गायला लावणे हे काही नवे नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६१ साली जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांनी संगणकाकडून गाणे म्हणवून घेतले आणि मॅक्स मॅथ्यूज यांनी त्याला संगणकाचीच साथ दिली. पण तो एकच गळा होता. एक आवाज आणि अनेक आवाज यांतला फरक आम्हाला सर्वांत लख्खपणे दिसतो तो जॉन चाउनिंग यांच्या १९८०च्या सुमाराच्या कामात. त्यांनी पॅरिसच्या इर्काम या संस्थेत आधी फक्त एक मूळ सूर वाजवला आणि मग त्याचे उपस्वर एकेक करून वाढवले. ऐकणाऱ्याला काहीतरी विजेचे वाद्य वाजते आहे एवढेच वाटत होते. मग त्यांनी सर्व उपस्वरांना एकाच वेळी एकसारखा कंप दिला, सेकंदाला पाचसहा हेलकाव्यांचा, थोडासा अनियमित. त्याबरोबर ते सगळे सुटे सूर मिळून एक गाणारी स्त्री झाली! जे एकत्र हलते ते एका गळ्यातले, असा निवाडा आपला कान करतो. दुसरी स्त्री हवी असेल तर दुसरा उपस्वरसंच हवा आणि त्याला स्वतःचा कंप हवा. एकाच कंपाने सगळे आवाज हलवले तर वृंद मोडून पुन्हा एक गळा होतो.

म्हणूनच 'एका आवाजाचा समूह करा' असे लिहिलेले बटण आम्हाला फारसे समाधान देत नाही. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांत 'कोरस' नावाची जी सोय असते, ती मूळ आवाजाच्या प्रती वीस-तीस सहस्रांश सेकंद उशिरा सोडते आणि तो उशीर सावकाश कमीजास्त करते. त्यामुळे प्रतीचा सूर थोडा हलतो. प्रतीपेक्षा हे बरे, पण हलणे फार नियमित असते. शिवाय प्रत्येक प्रतीत मूळ गायकाचा कंप तसाच असतो.

आणखी एक फरक उरतो, तो गळ्याच्या आकाराचा. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी प्रौढ पुरुषात सुमारे १७ सेंटिमीटर असते. स्त्रियांत आणि मुलांत ती आखूड असते, आणि तिच्या अनुनादाच्या वारंवारता (त्यांना फॉर्मंट म्हणतात) त्याप्रमाणे चढत जातात. पहिल्या दोन फॉर्मंटवर मुख्यतः 'आ' की 'ई' हे ठरते. वरच्यांवर आवाज कोणाचा हे बरेचसे कळते. टर्नस्ट्रॉम यांच्या श्रोत्यांनी वरच्या फॉर्मंटमध्ये सुमारे ७ टक्के पांगापांग पसंत केली आणि १२ टक्क्यांपर्यंत चालवून घेतली. सुराच्या मानाने हे फार मोठे प्रमाण आहे, कारण १४ सेंट म्हणजे एक टक्काही नाही. सूर जवळजवळ एक हवा आणि गळे निरनिराळे हवेत, असा याचा अर्थ. ध्वनिमुद्रण नुसते भरभर वाजवून नवा गायक करता येत नाही, कारण तसे केले की सूर आणि फॉर्मंट एकदम चढतात आणि माणसाची खार होते.

आज यामाहाच्या 'व्होकलॉइड'सारखी (२००४पासून बाजारात) आणि त्यानंतरची, ध्वनिमुद्रणांवरून स्वतः शिकणारी, गाणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. त्यांत चारपाच निरनिराळे कृत्रिम गायक घ्यावेत. प्रत्येकाची ओळ स्वतंत्रपणे गाऊन घ्यावी. कंपाचा वेग, सुराची सुरुवात, श्वासाची जागा हाताने बदलाव्यात. एका मीटरला आवाजाला तीन सहस्रांश सेकंद लागतात हे लक्षात ठेवून प्रत्येकाला मंचावर वेगळी जागा द्यावी. एवढ्याने 'आ' आणि 'ओ' छान जमतात.

घोटाळा होतो तो 'स'कारापाशी. स्वर लांब असतात, त्यामुळे दहावीस सहस्रांश सेकंद मागेपुढे झाले तरी ते एकमेकांत मिसळतात. 'स', 'श', 'च' आणि 'ट' मात्र आखूड आणि टोकदार असतात. दहा गायकांचे दहा 'स' पांगले की फुसफुस ऐकू येते आणि दहाही एकदम आले की पुन्हा यंत्र ऐकू येते. अनुभवी लोक यावर एक युक्ती करतात. दोनतीन आवाजांचे 'स' स्पष्ट ठेवायचे आणि बाकीच्यांचे जवळजवळ पुसून टाकायचे. ऐकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. वृंदाचे दिग्दर्शकही गायकांना शेवटचा 'स' अगदी हलका घ्या म्हणून बजावतात.