पाण्याचा दोष ओळखा, मग उपाय करा

गटाच्या बैठकीत आपण बचत, हप्ते आणि व्याज यांचं बोलतो. आज मी आपल्या घरातल्या पिण्याच्या पाण्याबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करणार आहे.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या गटाच्या बैठकीत पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक माणूस आला. त्याने दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत सळ्या बुडवल्या आणि वायर बोर्डात लावली. दोन मिनिटांत नळाचं पाणी तांबूस-काळं झालं, वर गाळ तरंगायला लागला. यंत्राचं पाणी होतं तसंच नितळ. "ताई, हे विष तुमची लेकरं रोज पितात," तो म्हणाला. मग पेनासारखं मीटर बुडवून त्यावरचा 640 हा आकडाही दाखवला. बाया घाबरल्या. मीही घाबरले. पाच जणींनी 14,000 रुपयांच्या यंत्रासाठी गटातून कर्ज मागितलं. त्या अर्जांवर शिफारशीची सही माझी होती.

जुलैत मोठा पाऊस झाला आणि आमच्या खालच्या गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांत आधी दवाखान्यात गेली ती यंत्र घेतलेल्या घरातलीच दीड वर्षांची नात. पावसामुळे दोन दिवस लाईट नव्हती, यंत्र बंद होतं, म्हणून घरच्यांनी गुंडातलं पाणी पाजलं. दिसायला ते नितळच होतं. मुलीला सलाईन लावावं लागलं. तीन दिवसांनी ती घरी आली. तिच्या आजीने मला एवढंच विचारलं, "ताई, आपण तर यंत्र घेतलं होतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नंतर मिळालं. पाण्याचे दोष अनेक, आणि प्रत्येक दोषाचा उपाय वेगळा. आधी दोष ओळखायचा, मगच पैसा खर्च करायचा.

आधी त्या सळ्यांचं सांगते. हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांनी मला ते समजावलं. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की सळईचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज दिसतो. म्हणजे तो गाळ सळईचा होता, आमच्या पाण्यातला नव्हता. यंत्राच्या पाण्यात क्षार कमी असल्यामुळे त्यातून वीज नीट वाहत नाही. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाका, तेही तसंच काळं होईल.

पेनासारखं मीटरही पाण्यात विरघळलेले क्षार किती आहेत एवढंच दाखवतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतात. आमचे 640 म्हणजे विष नव्हतं. आणि रोगजंतू तर त्या मीटरला दिसतच नाहीत.

आमच्या गल्लीचा दोष जंतूंचाच होता. तो शोधला आशाताईंनी. त्यांच्याकडे ओ.टी. तपासणीची छोटी बाटली असते. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. टाकीजवळच्या नळाला पिवळा रंग आला. आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळाला आलाच नाही. (तपासलेलं पाणी पिऊ नये, टाकून द्यावं.) मधल्या वाटेवर क्लोरीन संपत होतं. का? तर पाण्याला दाब नाही म्हणून चार घरांनी नळ खड्ड्यात उतरवले होते. त्यांना तोट्या नव्हत्या. दोघांनी थेट नळाला टिल्लू पंप लावला होता. पाणी सुटणं थांबलं की खड्ड्यातलं सांडपाणी उलटं पाइपात जातं. पंपाने ओढलं की फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत येतं. त्या चार घरांत एक घर माझ्या चुलत सासूबाईंचं होतं. नळ वर घ्या म्हणून सांगायला मलाच जावं लागलं.

आता एकेक दोष बघू.

पहिला, गढूळपणा. पाणी दुहेरी सुती कापडाने गाळा. तुरटीचा खडा तीन-चार वेळा फिरवून पाणी तासभर स्थिर ठेवा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्या. पण तुरटीने गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून तेवढ्यावर थांबायचं नाही.

दुसरा, जंतू. हे डोळ्यांना दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत. उपाय दोन. पाणी खळखळा उकळा आणि उकळी आल्यावर किमान एक मिनिट तशीच राहू द्या. नाहीतर आरोग्य केंद्रातून मिळणारं क्लोरीनचं औषध पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबून मग प्या. क्लोरीन गाळलेल्या पाण्यातच टाकायचं, कारण गढूळ पाण्यात ते गाळावरच खर्च होतं. वास येतो म्हणून आपण नळाचं पाणी ओतून देतो. मैत्रिणींनो, तो हलका वास म्हणजे पाण्याचा राखणदार आहे. आणि शुद्ध केलेल्या पाण्यात हात बुडवला की सगळी मेहनत गेली. झाकण ठेवा, ओगराळ्याने पाणी घ्या, नाहीतर तोटीचा माठ वापरा.

तिसरा, जडपणा. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गंजाला आतून पांढरा थर बसतो. काही जडपणा उकळल्याने खाली बसतो, काही बसत नाही. याचा त्रास होतो, पण जड पाण्याने जुलाब होत नाहीत. डाळ आधी भिजत घाला, कपड्यांना धुण्याचा सोडा वापरा. फक्त यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

चौथा, लोह. हातपंपाचं पाणी भरताना स्वच्छ दिसतं आणि तासाभरात तांबूस होतं. कपड्यांवर डाग पडतात. हे पाणी उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओता, हवा लागू द्या, रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं पाणी गाळून घ्या.

पाचवा दोष सगळ्यांत फसवा, फ्लोराइड. आपल्या यवतमाळसह चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत तो आहे, आणि बहुधा खोल बोअरच्या पाण्यात. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे, पुढे तपकिरी पट्टे येतात. वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर सांधे आखडतात, कंबर वाकते. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर नको. आणि नीट ऐका, उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाण्याची वाफ होते, फ्लोराइड मागे राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. इथे आर.ओ. यंत्र किंवा फ्लोराइड काढणारी खास गाळणी खरोखर उपयोगी आहे. तेही घरोघरी घेण्यापेक्षा पिण्यापुरतं पाणी दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीवरून आणणं किंवा गावासाठी एकच संच बसवणं स्वस्त पडतं. जोडीला दूध, आवळा, लिंबू, हिरवी भाजी आहारात ठेवा.

सहावा, नायट्रेट. विहिरीजवळ उकिरडा, संडासाचा खड्डा किंवा खताचं शेत असलं की हे पाण्यात उतरतं. मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम. हेही उकळून जात नाही. वरच्या दुधात असं पाणी घातलं तर तान्ह्या बाळाचं अंग निळसर पडू शकतं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त अंगावरचं दूध द्या, पाण्याचा थेंबही नको, असं दवाखान्यात सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता तुम्ही विचाराल, दोष ओळखायचा कसा? जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तपासणीची पेटी ग्रामपंचायतीकडे विचारा. जंतूंसाठी एक छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि 24 ते 48 तासांत ते काळं झालं, तर समजायचं की पाण्यात घाण मिसळते आहे. फ्लोराइड आणि नायट्रेटची पक्की तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. क्षारांची वर्षातून एकदा. अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवा म्हणून आग्रह धरा. पाणी आपण भरतो, आजारी लेकराजवळ रात्रभर आपणच बसतो, तेव्हा हे विचारणंही आपलंच काम आहे.

आमच्या गल्लीतले चारही नळ आता वर आले आहेत, त्यांना तोट्या आहेत, दोन्ही पंप निघाले आहेत. चुलत सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आता बोलतात. गटात आम्ही एक ठराव केला आहे. पाण्याच्या यंत्रासाठी कर्जाचा अर्ज आला की सोबत पाण्याचा तपासणी अहवाल हवा. अहवाल नसेल तर मी सही करत नाही.

त्या पाच यंत्रांपैकी तीन आज बंद पडून आहेत. शेवटचा हप्ता येत्या दिवाळीत फिटेल.

तुमच्या पुढच्या बैठकीत कर्जाच्या विषयाआधी एक प्रश्न घ्या. आपल्या गावच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली? उत्तर कोणालाच देता आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाच जणी मिळून ग्रामपंचायतीत जा.