वर्तमानपत्रांतील जाहिरात आणि दूरचें घर

नाशिकच्या वायव्येस, सह्याद्रीच्या डोंगरांत आणि गुजराथच्या सीमेलगत सुरगाणा हें गांव आहे. १९४८ सालीं विलीनीकरण होईपर्यंत तें एका लहानशा संस्थानाचें मुख्य ठिकाण होतें. आगगाडी तेथवर कधींच पोहोंचली नाहीं. मोठी पेठ पाहावयाची तर नाशिक गांठावें लागे. अशा आडवळणाच्या गांवांना मुंबई-पुण्याच्या दुकानांशीं जोडणारें साधन कोणतें होतें, असा प्रश्न केला तर त्याचें उत्तर जरा अनपेक्षित आहे. टपालाच्या थैलींतून येणाऱ्या वर्तमानपत्राचें जाहिरातींचें पान, हें तें साधन होय.

जाहिरात ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. गांवांत दवंडी पिटली जाई, बाजारांत विक्रेता आपल्या मालाचे गुण ओरडून सांगे. परंतु दवंडी ऐकूं येईल तेवढ्यापुरतीच. छापील जाहिरात शेंकडों मैल जाते आणि पुन्हां पुन्हां वाचतां येते. मौजेची गोष्ट अशी कीं, मराठी वर्तमानपत्र जन्मास येण्यापूर्वींच मराठी जाहिरात जन्मास आली होती. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ १८३२ सालीं निघालें. पण त्याच्या कितीतरी आधीं, १८०२ सालीं, ‘बॉम्बे कुरियर’ या इंग्रजी पत्रांत मराठी भाषेंतील जाहिरात छापली गेली होती. वाचकांशीं त्यांच्या भाषेंत बोलण्याची गरज व्यापाऱ्यांना आणि सरकारी कचेऱ्यांना संपादकांच्या आधीं भासली, असा याचा अर्थ होतो.

पुढें ठिकठिकाणीं वर्तमानपत्रें निघूं लागलीं. पुण्यांत १८४९ मध्यें ‘ज्ञानप्रकाश’ आणि १८८१ मध्यें ‘केसरी’ सुरू झाला. १९१० मध्यें मुकुंदराव पाटील यांनीं तर ‘दीनमित्र’ हें साप्ताहिक अहमदनगर जिल्ह्यांतील एका खेड्यांतून काढलें. नाशिक जिल्ह्यांत दादासाहेब पोतनीसांनीं १९३८ मध्यें ‘गांवकरी’ सुरू केला. अशा पत्रांचा संसार कसा चाले, हें समजल्यावांचून त्यांतील जाहिरातींचें मर्म कळत नाहीं. १९११ च्या खानेसुमारीप्रमाणें हिंदुस्थानांत साक्षर माणसें शेंकडा सहाच्या आसपास होतीं. वर्गणीदार मोजके, आणि त्यांपैकीं अनेकांची वर्गणी थकलेली. एक अंक दहा जणांनीं वाचावा किंवा वाचून घ्यावा, हा सर्वत्रचा रिवाज. त्यामुळें वाचक वाढले तरी उत्पन्न वाढत नसे. कागद, शाई, खिळे आणि जुळाऱ्यांचा पगार यांचा खर्च मात्र ठरलेला. ही तूट भरून काढणारी जमेची बाजू म्हणजे जाहिरात.

एकच जाहिरात महिनोन् महिने त्याच जागीं, त्याच शब्दांत दिसते, याचें कारणही छापखान्यांतच सांपडतें. बातमीची जुळणी दर अंकास नवी करावी लागे. पण वर्षाच्या कराराची जाहिरात एकदां जुळविली कीं तिचा सांचा तसाच बाजूस ठेवून पुढील अंकांत पुन्हां बसवितां येई. श्रम वांचत, म्हणून दरही कमी लावतां येत असे. वाचकाच्या दृष्टीनें मात्र या पुनरावृत्तीचा परिणाम निराळाच होई. बातम्या बदलत, राजकारण बदले, पण मलमाच्या डबीचें चित्र तेथेंच असे. रोज दिसणारी वस्तु हळूहळू ओळखीची वाटूं लागते, आणि ओळखीचें तें विश्वासाचें, असें मन परभारें ठरवून टाकतें.

परंतु ओळख झाली तरी वस्तु हातीं कशी पडावी? येथें टपालखातें मदतीस आलें. १८७७ सालीं हिंदुस्थानांत व्ही. पी. ची पद्धत सुरू झाली, १८७९ मध्यें पाव आण्याचें कार्ड निघालें आणि १८८० मध्यें मनीऑर्डर आली. गिऱ्हाइकानें एक कार्ड टाकावें. दुकानदारानें पुडकें पाठवावें. पोस्टमननें तें देऊन पैसे घ्यावे आणि ते दुकानदाराकडे परत जावे, अशी ही सोयीची योजना होती. तिच्यांत एक मेख मात्र होती. पैसे चुकते केल्याखेरीज पुडकें उघडतां येत नसे. आंत काय निघेल याचा भरंवसा केवळ जाहिरातीच्या शब्दांवर ठेवावा लागे.

या मार्गानें पुस्तकें, पंचांगें, घड्याळें, केशतेलें आणि औषधें दूरच्या घरांत शिरलीं. कांहीं उद्योगांनीं तर जाहिरात आणि पत्रकारिता यांचें नातेंच उलटें करून दाखविलें. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनीं १८९३ मध्यें मुंबईत ‘अमृतांजन’ काढलें, आणि १९०८ मध्यें मुंबईहूनच ‘आंध्र पत्रिका’ हें तेलुगु साप्ताहिक सुरू केलें. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचें ‘किर्लोस्कर खबर’ १९२० सालीं निघालें. नांगर आणि यंत्रें यांची माहिती देणारें हें पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या हातीं वाढत वाढत एक प्रतिष्ठित मासिक झालें. १९०५ मध्यें गिरगांवांत बी. दत्ताराम यांची जाहिरातसंस्था निघाली. त्याच सालीं वंगभंगाच्या निमित्तानें स्वदेशीची चळवळ पेटली, आणि देशी मालाच्या जाहिरातींत गुणाबरोबर देशाभिमानाचीही हांक ऐकूं येऊं लागली. चहाची कथा याहून निराळी. निर्यात होणाऱ्या चहावर १९०३ मध्यें कायद्यानें उपकर बसला. त्या निधींतून पुढें या देशांतही चहाचा प्रचार झाला. आज घरोघर जें पेय पाहुण्यापुढें सर्वांआधीं येतें, त्याची संवय अशा रीतीनें लावून घेतली गेली आहे.

या सर्व व्यवहाराची काळी बाजू औषधांच्या जाहिरातींत दिसे. अशक्तपणापासून वंध्यत्वापर्यंत सर्व विकारांवर एकच रामबाण उपाय, हमखास गुण, नाहीं तर पैसे परत, अशा भाषेला मर्यादा नसे. डॉक्टर जवळ असलेल्या शहरवासीयास तिची पारख करतां येई. डोंगरापलीकडच्या घरीं आजारी मूल असतां तोच मजकूर शेवटची आशा वाटे, आणि गांठीचे रुपये आणि बहुमोल दिवस दोन्ही जात. संपादकांना हें कळत नव्हतें असें नाहीं. पण त्यांची कोंडी दुहेरी होती. सरकारी नोटिसा आणि लिलावांच्या जाहिराती देणें न देणें सरकारच्या मर्जीवर असे. शिवाय १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यानें नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपयांचा जामीन मागतां येत असे. सरकारवर निर्भीडपणें टीका करणाऱ्या पत्रास खाजगी जाहिरातींचाच आधार उरे. पहिल्या पानावरील बाणेदार अग्रलेखाचा खर्च अनेकदां शेवटच्या पानावरील संशयास्पद गुटिकेनें उचलला, हें कटु असलें तरी खरें आहे. महात्मा गांधींनीं ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ जाहिरातींवांचून चालविलीं. परंतु त्यांच्या नांवाचें बळ जिल्ह्याच्या साप्ताहिकापाशीं कोठून असणार?

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्यें औषधें आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला, आणि विशिष्ट रोगांवरील उपायांची जाहिरात करणें गुन्हा ठरलें. जी जबाबदारी संपादकाच्या विवेकावर सोडलेली होती, ती अंशतः कायद्यानें घेतली. अंशतः म्हणण्याचें कारण असें कीं, जाहिरात खोटें न बोलतांही फसवूं शकते. ती गुण मोठ्यानें सांगते आणि उणीव अनुच्चारित ठेवते. अग्रलेख वाचतांना लेखकाचा पक्ष कोणता, हें सुशिक्षित वाचक आपण होऊन विचारतो. तोच प्रश्न जाहिरातीपुढेंही विचारावयास हवा: हें कोण सांगत आहे, याचा पैसा कोणी भरला आहे, आणि माल वाईट निघाला तर जाब कोणाला विचारावयाचा? पुडकें उघडण्यापूर्वीं पैसे मोजणाऱ्या त्या दूरच्या गिऱ्हाइकांनीं या प्रश्नांचें मोल पदरमोड करून चुकविलें आहे. पुढच्यांना तें ज्ञान फुकट मिळालें आहे. त्याचा उपयोग करणें मात्र ज्याचें त्याच्या हातीं आहे.