नवरात्रीच्या नक्तासाठी मुगाचे कढण

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात आणि शारदीय नवरात्राला प्रारंभ होतो. वर्षाकाळचे मेघ ओसरलेले असतात. दिवसा ऊन अंगाला चटके देते. दिवेलागणीनंतर मात्र हवेत हळूहळू गारवा उतरू लागतो. देवीपुढील अखंड दीपात तेल घालून, माळ वाहून, आरती आटोपली म्हणजे दिवसभर निराहार राहिलेले व्रतस्थ माणूस पानावर बसते. त्या पानात काय वाढावे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु नऊ दिवसांचे व्रत निर्विघ्न तडीस जाणे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

आपल्या व्रतपरंपरेत उपोषण, एकभुक्त, नक्त आणि अयाचित असे आहाराचे चार नियम सांगितले आहेत. दिवसभर न जेवता रात्री एकदाच भोजन करणे म्हणजे नक्त. देवीभागवताच्या तिसऱ्या स्कंधात नवरात्रव्रताचा विधी आला आहे. तेथे उपवास, नक्त अथवा एकभुक्त यांपैकी कोणताही नियम स्वीकारण्याची मोकळीक आहे. इतकेच नव्हे, तर ज्यांना नऊ दिवस उपवास झेपत नाही त्यांनी सप्तमी, अष्टमी व नवमी हे तीनच दिवस उपोषण केले तरी त्यांना पूर्ण फळ लाभते, असे स्पष्ट आश्वासन आहे. देहाला पीडा देणे हा व्रताचा हेतू नाही, हे यावरून उघड होते. देह हे उपासनेचे साधन आहे. ते साधन दसऱ्यापर्यंत सतेज राहिले पाहिजे.

आज घरोघरी दिसणारे चित्र मात्र निराळे आहे. साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी हेच उपवासाचे मुख्य अन्न होऊन बसले आहे. यांतील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका मूळ दक्षिण अमेरिकेतील. बटाटा आणि शेंगदाणा यांचेही मूळ तिकडचेच. हे पदार्थ आपल्या प्राचीन व्रतग्रंथांना ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ केवळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र असतात. असे जड, तेलातुपाने भरलेले अन्न दिवसभराच्या रित्या पोटी गेले की छातीत जळजळ, डोकेदुखी आणि ग्लानी यांना आमंत्रण मिळते. पाचव्या-सहाव्या दिवशी घरातील माउली थकून जाते आणि तो थकवा व्रताच्या माथी मारला जातो.

शरद ऋतूविषयी आपल्या वैद्यकाने दिलेला इशारा येथे स्मरणीय आहे. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने प्रकुपित होते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ऋतुचर्येत सांगितले आहे. म्हणून या काळात मधुर, हलके, शीतल आणि किंचित कडू रसाचे अन्न घ्यावे. तेल, क्षार आणि दही वर्ज्य करावे, असा उपदेश आहे. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात तर शरदातील पथ्यकर पदार्थांत साळीचा भात, मूग, खडीसाखर, आवळा, पडवळ आणि मध यांचा नामोल्लेखच आहे. शेंगांतून मिळणाऱ्या धान्यांत मूग सर्वश्रेष्ठ, असा चरकाचा निर्वाळा आहे. धर्मशास्त्रानेही मुगाला हविष्यान्नात, म्हणजे व्रतकाळी ग्राह्य अशा सात्त्विक अन्नात, स्थान दिले आहे. आपल्याकडील कित्येक कुटुंबांत नवरात्रात धान्यफराळ करण्याची चाल आहे. धान्ये व डाळी आधी भाजून घेतात आणि मगच त्यांचे पदार्थ करतात. भाजलेल्या मूगडाळीचे कढण हे या जुन्या चालीचे सर्वांत सोपे आणि सर्वांत पोषक रूप होय.

चार माणसांसाठी हिरव्या सालीची मूगडाळ एक वाटी, सुमारे १५० ग्रॅम, घ्यावी. निवडून ती जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटे कोरडीच भाजावी. खमंग वास सुटला की उतरवावी. करपू देऊ नये, नाहीतर कढणाला कडवटपणा येतो. भाजल्याने डाळीचा कच्चा, उग्र वास जातो आणि ती पचावयास हलकी होते. निवाल्यावर दोन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत ठेवावी.

नंतर सहा वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात डाळ, चिमूटभर हळद, बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले आणि अर्धा चमचा साजूक तूप घालावे. तुपामुळे फेस वर येऊन उतू जात नाही. पातेल्यावर झाकण किंचित कलते ठेवून पाऊण तास मंद शिजवावे. कुकर वापरावयाचा झाल्यास आरंभी चारच वाट्या पाणी घालून तीन शिट्ट्या कराव्यात आणि उरलेले पाणी मागाहून गरम करून मिसळावे. डाळ बोटाने सहज चिरडली जाईल इतकी मऊ झाली की रवीने घुसळावी. साली निराळ्या काढू नयेत. त्यांच्यामुळे पोट साफ राहते.

आता पडवळाच्या किंवा दुधीच्या वाटीभर बारीक फोडी त्यात टाकून त्या शिजेपर्यंत उकळी आणावी. दोन आमसुले, सुपारीएवढा गूळ आणि चवीपुरते सैंधव घालावे. आमसूल घालावयाचे असल्याने भांडे कल्हईचे अथवा स्टीलचे असावे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ कदापि शिजवू नये. शेवटी लोखंडी पळीत दोन चमचे साजूक तूप तापवून त्यात एक चमचा जिरे तडतडू द्यावे, सहा-सात भरड कुटलेली मिरी टाकावी आणि ही फोडणी कढणावर ओतून लगेच झाकण ठेवावे. लाल मिरची येथे नको. तीही परदेशातूनच आलेली. मिरी आपल्या मलबारची. कांदा-लसणाचा तर प्रश्नच नाही.

हे कढण निवताना घट्ट होत जाते. पुन्हा गरम करताना त्यात थंड पाणी न घालता उकळते पाणी घालून सारखे करावे. सोबत भाजलेल्या तांदळाचा मऊ भात अथवा ज्वारीची भाकरी असली की नक्ताचे भोजन पूर्ण झाले. कच्च्या मूगडाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे वर दिलेल्या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला नऊएक ग्रॅम येतात. साबुदाण्याच्या बशीत ती कोठून यावीत?

हिरव्या वाटाण्याच्या डाळीचेही असेच दाट कढण होते. कलाय, म्हणजे वाटाणा, हाही हविष्यान्नात गणला गेला आहे. मात्र ही डाळ वातुळ आहे. ती तीन-चार तास भिजवावी, आले व जिरे थोडे अधिक घालावे आणि वृद्धांना बेतानेच वाढावी.

एक-दोन गोष्टींचे भान ठेवणे इष्ट. ज्या कुळात नवरात्रात धान्य मुळीच घेत नाहीत त्यांनी आपला कुलाचार मोडू नये. त्यांनी हे कढण पारण्याच्या दिवशी करावे, कारण दीर्घ उपवासानंतर पहिला घास हलका असावा. आश्विनातील पाशांकुशा एकादशीलाही धान्य व डाळ वर्ज्यच. मधुमेही, गर्भवती आणि नित्य औषध घेणारे यांनी दिवसभर उपाशी राहण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. देवीभागवताने दिलेली सवलत अशांच्यासाठीच आहे आणि तिचा लाभ घेण्यात भक्तीला उणेपणा नाही.

कढण उतरताच पहिली वाटी, तुळशीपत्र न ठेवता, देवीपुढे ठेवावी. कारण देवीच्या पूजेत तुळस वाहत नाहीत. नैवेद्य दाखवून मग घरातील वृद्धांना, मुलांना आणि शेवटी व्रतस्थ गृहिणीला, पण तिलाही गरमच, वाढावे. सर्वांचे झाल्यावर गारढोण उरलेसुरले खाणे हा व्रताचा नियम नव्हे. जी जगन्माता सर्व भूतांच्या ठायी क्षुधारूपाने वसते, तिचीच ती भूक आहे. ती आदराने शमवावी. असे नऊ दिवस पार पडले की विजयादशमीला सोने लुटताना चेहऱ्यावर ग्लानी नव्हे, व्रतपूर्तीचे तेज दिसेल.