ड्रायव्हरला शून्य गुण?

प्रोजेक्टसाठी प्रश्नावली घेऊन स्वारगेट एसटी स्टँडवर निघालात? मग आधी हे वाचा.

नोकरीत माणूस किती रमतो, हे मोजणारी १७ विधानांची एक प्रश्नावली नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाच्या नावाने जगभर वापरली जाते. प्रत्येक विधानाला ० ते ६ गुण. त्यातलं एक साधारण असं : 'काम करताना मी आजूबाजूचं सगळं विसरतो.' हिंजवडीत कोडिंग करणारा तुमचा दादा बिनधास्त ६ देईल. एसटीचा ड्रायव्हर मात्र म्हणेल, "विसरून कसं चालेल? मागे गाडीभर माणसं बसलीत!" आणि ० देईल. म्हणजे त्याला कामात रस नाही? उलट, तो काम चोख करतोय.

म्हणूनच नुसतं भाषांतर पुरत नाही. मराठी विधानं दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घ्या, मूळ अर्थ टिकलाय का बघा. चार-पाच ड्रायव्हर-कंडक्टरना विचारा, "यातून तुम्हाला काय कळलं?" मग दोन्ही व्यवसायांत ही विधानं एकच गोष्ट मोजतात का, हे आकडेवारीने तपासा. तोवर दोघांच्या गुणांची तुलना नको. नाहीतर तुमच्या रिपोर्टमध्ये रस्त्यावर नजर ठेवणारा माणूसच 'कामात मन नसलेला' ठरायचा.