आकडा आणि पुरावा : स्वस्त डिजिटल व्होल्टमीटरची पारख

वसतिगृहातील संध्याकाळच्या छंदवर्गात आमच्या हातून घडलेली एक चूक आरंभीच नोंदवणे आम्हांस योग्य वाटते. आठवीतील एका विद्यार्थ्याने ९ व्होल्टच्या बॅटरीला एकेक मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले होते. दोन्ही सारखे, म्हणून मधल्या बिंदूवर निम्मे, म्हणजे ४.५ व्होल्ट मिळावेत, असे त्याचे गणित होते. आमच्या मीटरने ३ व्होल्ट दाखवले. आम्ही त्याला गणित पुन्हा तपासावयास सांगितले. त्याने ते तीनदा तपासले. उत्तर बदलले नाही. तरीही आम्ही यंत्राचाच आकडा प्रमाण मानला. मूळ साधने वाचा, असे मुलांना नित्य सांगणाऱ्या इतिहासाच्या शिक्षकांनी मीटरचे माहितीपत्रक मात्र वाचले नव्हते. ते वाचले तेव्हा कळले, की मुलाचे गणित अचूक होते.

मग मीटर खोटा होता काय? तसेही नाही. व्होल्टमीटर मोजताना सर्किटमधून स्वतःसाठी थोडा प्रवाह घेतो. दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या डीटी-८३० प्रकारच्या मीटरचा अंतर्गत रोध साधारण १ मेगाओहम असतो. तो खालच्या रेझिस्टरला समांतर जोडला गेला, की तेथील रोध अर्धा मेगाओहम होतो आणि ९ व्होल्टची वाटणी ६ व ३ अशी होते. मीटर जोडलेला असताना त्या बिंदूवर खरोखरच ३ व्होल्ट असतात. मीटर काढताच पुन्हा ४.५ होतात. १० मेगाओहमचा महाग मीटरही येथे सुमारे ४.२९ व्होल्टच दाखवील. साक्षीदाराच्या उपस्थितीने घटनाच बदलावी, तसा हा प्रकार आहे. मात्र बॅटरी, चार्जर किंवा काही किलोओहमचे सर्किट असेल, तर हा परिणाम नगण्य ठरतो. आणि मुलांचे बहुतेक काम तेथेच चालते.

दुसरा मुद्दा आकड्यांच्या बारकाईचा. २० व्होल्टच्या रेंजवर हा मीटर व्होल्टचा शंभरावा भाग दाखवतो. परंतु बारीक दाखवणे म्हणजे अचूक दाखवणे नव्हे. अशा मीटरच्या माहितीपत्रकात डीसी व्होल्टेजसाठी साधारणतः ‘वाचनाच्या ०.५ टक्के अधिक शेवटचे २ अंक’ एवढी चूक गृहीत धरलेली असते. पडद्यावर १२.०० दिसले, तर ०.५ टक्क्याचे ०.०६ आणि दोन अंकांचे ०.०२ मिळून ०.०८ होतात. म्हणजे खरे व्होल्टेज ११.९२ ते १२.०८ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. सेल संपला आहे काय, ५ व्होल्टचा पुरवठा नीट येतो काय, तार कोठे तुटली आहे, या प्रश्नांना एवढी अचूकता पुरेशी आहे. परंतु लिथियम-आयन सेल ४.२० व्होल्टला पूर्ण भारित होतो आणि त्यात ०.०५ व्होल्टच्या आतच सूट असते. तेथे आपल्या मीटरची संभाव्य चूकच ०.०४ आहे. अशा कामी त्याच्या शब्दावर विसंबू नये.

पेटीवर बसवावयाचे लाल अंकांचे छोटे व्होल्टमीटर याहून स्वस्त असतात. त्यांतील दोन तारांचा प्रकार मोजायच्या व्होल्टेजवरच चालतो, म्हणून साधारण ४ व्होल्टच्या खाली तो निरुपयोगी होतो. तीन तारांच्या प्रकाराला वेगळा पुरवठा देता येतो व शून्यापासून मोजता येते. बॅटरीची स्थिती सतत डोळ्यांसमोर ठेवण्यासाठी ते उत्तम. बारीक मोजमापासाठी नव्हेत.

मीटरची पारख कशी करावी? एकच सेल तीन-चार मीटरांनी मोजावा. एखादाच वेगळे सांगत असेल, तर त्याच्याकडे संशयाने पाहावे. एडी-५८४ या आयसीवर बनवलेली लहान पट्टी २.५, ५, ७.५ व १० व्होल्ट देते. तिच्याशी मीटर ताडता येतो. मीटरमधील ९ व्होल्टची बॅटरी फार उतरली, की आकडे वास्तवापेक्षा मोठे दिसू लागतात, म्हणून ती वेळीच बदलावी. आणि घरातील २३० व्होल्टच्या विजेला असा मीटर मुलांच्या हातून कधीही लावू नये. त्या विजेचा उच्चांक सुमारे ३२५ व्होल्ट असतो. शिवाय अनेक स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या छिद्राला फ्यूज नसतो. तार तेथे राहिली आणि टोके थेट पुरवठ्याला लागली, तर प्राणावर बेतू शकते.

मोजणारे माप स्वतः स्थिर असावे लागते, हा प्रश्न केवळ विजेचा नाही. रुपयाचे मूल्य स्थिर कसे राहील, याचा शोध बाबासाहेबांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात घेतला. व्होल्टचेही तसेच. १९११ पासून २० अंश सेल्सिअसला १.०१८३ व्होल्ट देणारा वेस्टन सेल हे त्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण होते; १९९० पासून ती जागा जोसेफसन परिणामाने घेतली. आपल्या देशात हे प्रमाण नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा जतन करते. तेथपासून आपल्या शाळेच्या कपाटापर्यंत ताडून पाहण्याची एक साखळी असते. स्वस्त मीटर या साखळीचा शेवटचा, पण उपयोगी दुवा होय.

तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण मुलांना शिकवतो : परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पडताळा. त्या संध्याकाळी त्या मुलाने हाच उपदेश आचरला होता. आम्ही विसरलो होतो. आम्ही वर्गासमोर त्याची चूक कबूल केली नाही, आमची केली. आता आमच्या छंदवर्गात प्रत्येक मीटरच्या पाठीवर त्याचा अंतर्गत रोध आणि ताडून पाहिल्याची तारीख लिहिलेली असते. ती पट्टी त्याच मुलाच्या हस्ताक्षरात आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या कारखान्यात वा प्रयोगशाळेत प्रमाणित मीटर असेल, त्यांनी पुढील भेटीत तो एक दिवसासाठी अवश्य आणावा. आमचे सर्व मीटर त्याच्याशी ताडून घेता येतील, आणि मुलांनाही त्यांच्या गणिताचा न्याय समक्ष पाहता येईल.